रिपोर्ट लाल आला, तर एक फोन करा

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या एचआर प्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका कंपनीच्या अर्जात एक प्रश्न आहे. ‘तुम्हाला कधी कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलं आहे का?’ हो किंवा नाही. ‘हो’वर टिक केली की खाली एक पट्टी उघडते: तपशील, जास्तीत जास्त १०० अक्षरं. त्या पट्टीत मी सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘रेल्वे कायदा कलम १४३, वर्ष २०१८, दंड भरला.’ परवानगीशिवाय रेल्वे तिकिटांचा धंदा करण्याबद्दलचं ते कलम. मग मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या, पगार ठरला, ऑफर लेटर आलं, मी हातातलं काम सोडलं. जॉइनिंगला दहा दिवस उरले असताना एका शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला दोन ओळींचा मेल आला. पडताळणीत विसंगती आढळल्यामुळे ऑफर मागे घेण्यात येत आहे.

‘विसंगती’ या शब्दापाशी मी अजून अडकलोय. मी जे लिहून दिलं होतं, अगदी तेच पडताळणीवाल्यांना सापडलं. याला आमच्या शाळेत सुसंगती म्हणायचे.

कंपनीचं नाव घ्यायचं नाहीये. एकीशी भांडून काही होणार नाही, कारण अर्ज सगळ्यांचे सारखेच आहेत. आधी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल.

२०१४ साली मी २२ वर्षांचा होतो. बीएस्सी आयटी झालेली, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण, नोकरीचा पत्ता नाही. डोंबिवलीत एका तिकीट एजंटच्या दुकानात प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो. तो म्हणाला, ‘फॉर्म आपोआप भरणारं काही बनवता येतं का रे?’ तेव्हा तत्काळ सकाळी १० ला उघडायचं, एसी आणि स्लीपर एकत्रच. १० आणि ११ अशी वाटणी पुढच्या वर्षी झाली. घरी बसलेला माणूस नाव, वय, बर्थ टाइप करेपर्यंत दीड-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात गाडी भरते. माझी स्क्रिप्ट आदल्या रात्री भरून ठेवलेल्या याद्या घेऊन एकाच वेळी अनेक खात्यांतून आत शिरायची. कॅप्चा भरायला दोन पोरं बसवलेली असायची. सगळा कोड अडीचशे ओळींचा. महिन्याला चार हजार मिळायचे. धंदा एजंटचा, आपण फक्त कोड लिहिला, असं मी स्वतःला सांगायचो.

त्या वर्षी गणपतीला माझ्या मामाने कोकणकन्येच्या तत्काळसाठी दादरच्या खिडकीवर रात्री अडीचपासून रांग लावली. रांगेत तो तिसरा होता. खिडकी उघडली आणि त्याच्या हातात वेटिंगचं तिकीट आलं. शेवटी एसटीने उभ्याने गेला, मोदकाचं सारण डब्यात घेऊन. त्या सकाळी माझ्या स्क्रिप्टने कोकणकन्येच्या किती जागा उचलल्या होत्या, ते मला माहीत होतं. मी गप्प राहिलो.

दीड महिन्याने आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची धाड पडली. जामीन मंजूर झाला, पण जामीनदाराची कागदपत्रं जुळेपर्यंत नऊ दिवस मी कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात होतो. जामीनदार म्हणून उभा राहिला तो हाच मामा, महापालिकेतल्या पगाराची स्लिप आणि रेशन कार्ड घेऊन. गेटबाहेर आल्यापासून रिक्षात बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, ‘मेल्या, म्हणजे माझा तिकीट तूच खाल्लंस!’ पोलिसांचं आरोपपत्र बऱ्याच पानांचं होतं. मामाचं जास्त नेमकं होतं.

पुढे चार वर्षं तारखा. साक्षीदार बदली होऊन गेलेला, कधी न्यायाधीश रजेवर, कधी आमचेच वकील दुसऱ्या कोर्टात. दर तारखेला अर्ध्या दिवसाची रजा आणि नवं कारण. २०१८ मध्ये वकील म्हणाले, ‘कबूल करून टाक. दंड होईल, कोर्ट उठेपर्यंत शिक्षा होईल, संध्याकाळी घरी.’ ही शिक्षा कशी असते हे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नसेल. न्यायाधीश उठेपर्यंत कोर्टात मागच्या बाकावर बसून राहायचं. मी साडेतीन तास बसलो. एका बाजूला विनातिकीट सापडलेला कॉलेजचा मुलगा, दुसऱ्या बाजूला लोकलमध्ये क्लिपा विकणारी एक बाई, तिची टोपली पायाशी. पाचच्या सुमारास न्यायाधीश उठले, शिपायाने मानेनेच खूण केली, आणि दहा हजारांची पावती खिशात घालून मी लोकल पकडली. सुटलो बुवा एकदाचा, असं वाटलं.

गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं, आणि आपल्याकडे सज्ञान माणसाची दोषसिद्धी कधीच शिळी होत नाही, हे त्या बाकावर मला कुणी सांगितलं नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदा आहे. ठरलेली वर्षं माणूस पुन्हा गुन्ह्यात सापडला नाही, तर लहान शिक्षा बहुतेक नोकऱ्यांपुरती संपली असं धरतात. आपल्याकडे अशी सोय मुलांसाठी आहे, २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मध्ये, काही गंभीर गुन्हे वगळून. मोठ्यांसाठी त्यातल्या त्यात जवळचा १९५८ चा परिवीक्षा कायदा. त्याखाली कोर्ट शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, आणि मग कलम १२ मुळे दोषसिद्धीसोबत कायद्याने येणारी अपात्रता त्या माणसाला चिकटत नाही. आमच्या वकिलांनी तसा अर्ज केला नाही, आणि मी तो शब्दच ऐकलेला नव्हता. आता तारखांना कंटाळलेला कुणी पोरगा भेटला, की चहा सांगण्याआधी मी त्याला हे कलम सांगतो.

माझ्या खोटेपणाचंही सांगून टाकतो, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी शोधून काढेलच. २०१६ मध्ये, खटला चालू असताना, ऐरोलीच्या एका कंपनीत ‘तुमच्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे का’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं. १४ महिने काम केलं. मग एका बँकेचं काम आलं, क्लायंटने नव्याने पडताळणी मागितली आणि मी उघडा पडलो. लॅपटॉप जमा, कार्ड जमा, गेटपर्यंत सिक्युरिटीवाला सोबत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हिशेब बघा. खोटं लिहिलं तेव्हा १४ महिने पगार मिळाला. खरं लिहिलं तेव्हा जॉइनिंगही झालं नाही. माझ्या जागी तुमचा भाचा असता, तर तुम्ही त्याला काय लिही म्हणाला असता?

दोन्हींच्या मधली साडेचार वर्षं मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या अकरा माणसांच्या एका कंपनीत होतो. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर. दंडाची पावती तेव्हा जेमतेम चार महिन्यांची होती आणि लपवाछपवीची ताकद उरली नव्हती, म्हणून पहिल्याच भेटीत मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘तो कोड आत्ता कुठे आहे?’

‘मुद्देमालात. हार्ड डिस्क जप्त आहे.’

‘कॉपी?’

‘नाही.’

‘आज परत लिहायचा झाला तर किती वेळ लागेल?’

‘एक दुपार,’ मी खरं ते सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘बरं. मग तो अडवायचा कसा, तेही तुला ठाऊक असणार.’

तीन महिन्यांचं कंत्राट दिलं. पहिले सहा महिने माझी एक ओळही दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे गेली नाही, आणि खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड मिळायला दीड वर्ष लागलं. नवीन आलेल्या प्रत्येकाला तेच नियम होते, मला ते जरा जास्त दिवस लागू राहिले, एवढंच. मला त्याचा राग आला नाही. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या डॉक्टरांच्या सगळ्या वेळा सकाळी उघडल्या उघडल्या भरायला लागल्या आणि पेशंट फोन करून शिव्या द्यायला लागले. वेळा अडवून विकणारे दलाल तिथेही निघाले होते. बाकीचे सर्व्हरला दोष देत होते. मी लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या, फॉर्म उघडल्यापासून तो भरेपर्यंतचे सेकंद मोजले आणि जेवणाच्या सुट्टीआधी सांगितलं की हे माणसाचे हात नाहीत. कसं ओळखलंस, असं बाईंनी विचारलं नाही.

तिथला पगार लहान होता आणि घराचं भाडं वाढत चाललं होतं, म्हणून २०२३ मध्ये मी तुमच्याकडे आलो. त्या शुक्रवारच्या मेलनंतर बाईंना फोन केला. त्यांनी माझ्या जागी माणूस घेतला होता. बरोबरच होतं.

आता तुमच्या टेबलावर येणाऱ्या पडताळणीच्या त्या रिपोर्टबद्दल. हिरवा, पिवळा, लाल. तो बनतो कसा, हे कधी पाहिलंत का? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव टाकलं की खटला सापडतो. ही सोय कोर्टात हेलपाटे घालणाऱ्यांची पायपीट वाचावी म्हणून झाली. पडताळणीवाले त्याच नोंदी उपसतात. तिथे नाव मिळतं, जन्मतारीख मिळत नाही. ठाणे जिल्ह्यात एकाच नावाचे किती पाटील आणि किती शेख असतील, याचा अंदाज तुमच्याच पगारपत्रकावरून येईल. खटला निकाली निघाला असेल तर कसा निघाला तेही तिथे नोंदलेलं असतं, पण तिथपर्यंत वाचायला वेळ लागतो आणि रिपोर्टचे पैसे नगावर मिळतात.

आधारवाडीत माझ्या शेजारच्या पथारीवर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता. दहीहंडीतल्या मारामारीत त्याचं नाव आलेलं. रात्री बॅरेकचे दिवे चालूच असायचे, झोप यायची नाही, तेव्हा तो मला जमिनीवर बोटाने सर्किट काढून दाखवायचा. सहा वर्षांनी तो निर्दोष सुटला. निर्दोष, म्हणजे कोर्टाच्या हिशेबी तुमच्या-माझ्यातल्या तुमच्यासारखा. त्याचा रिपोर्ट आजही ‘नोंद आढळली’ म्हणून पिवळा येतो. निकालाची आठ पानं तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मुलाखतीला न्यायचा. ती कुणी मागितली नाहीत. आता कल्याण स्टेशनजवळ लॅपटॉपचे कीबोर्ड बदलून देतो. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. चारातले तीन. निर्दोष ठरलेला, तडजोड झालेला, निकालाची वाट बघणारा आणि माझ्यासारखा कबूल केलेला, हे सगळे तुमच्या छाननीत एकाच टोपलीत पडतात.

विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: ‘क्लायंटची अट आहे, आयएसओ आहे, आमच्या हातात काही नाही.’ आयएसओ २७००१ हे माहितीच्या सुरक्षेचं मानक मला कामासाठी वाचावं लागलं. २०२२ च्या आवृत्तीच्या परिशिष्टात पडताळणीबद्दलचा भाग ६.१ हा आहे. पडताळणी करा, असं तो सांगतो, आणि त्याच वाक्यात सांगतो की ती कामाची गरज, हाताळायची माहिती आणि दिसणारा धोका यांच्या प्रमाणात असावी. कार्डांच्या व्यवहारांसाठीचं पीसीआय डीएसएस घ्या. कार्डांच्या माहितीपर्यंत पोचणाऱ्यांना आधी तपासून घ्या, एवढं ते म्हणतं. नोंद सापडली की बाहेर काढा, हे दोन्हींत कुठे नाही. ते कलम तुम्ही घरी लिहिलंय.

सरकारी नोकऱ्यांपुरता हा गुंता सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात बराच सोडवला. माहिती खरी द्यायची. लपवली तर नोकरी जाऊ शकते. मात्र गुन्हा किरकोळ असेल तर सांभाळून घ्यायचं की नाही, हे मालकाने प्रकरण बघून ठरवायचं. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही, हेही त्या निकालात आहे. खासगी कंपन्यांना तो निकाल तसाच लागू होत नाही, हे मला कळतं. पण प्रकरण बघायला कायद्याची सक्ती कशाला लागावी?

आणि क्लायंटचं म्हणाल, तर तुमचे निम्मे क्लायंट ज्या कॅलिफोर्नियात आहेत तिथली गोष्ट ऐका. १ जानेवारी २०१८ पासून तिथल्या बहुतेक मालकांना ऑफर देण्याआधी उमेदवाराच्या गुन्ह्यांबद्दल विचारता येत नाही. नंतर विचारून नकार द्यायचा झाला तर आधी लेखी कळवावं लागतं, रिपोर्टची प्रत द्यावी लागते आणि उत्तर द्यायला कामकाजाचे किमान पाच दिवस द्यावे लागतात. माझ्या दंडाच्या पावतीचं सालही २०१८ च. आणि २०१४ मध्ये, मी आधारवाडीत होतो त्या वर्षी, तिथल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात कैद्यांना प्रोग्रामिंग शिकवायला सुरुवात झाली, तेही इंटरनेटशिवाय. स्लॅक कंपनीने पुढे तुरुंगातून सुटलेल्या तिघांना शिकाऊ म्हणून घेतलं आणि नंतर कामावर कायम केलं. ज्या स्लॅकवर तुम्ही दिवसभर एकमेकांना अंगठे पाठवता, तीच ही कंपनी. आपल्या राज्याच्या तुरुंग विभागाचं ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ आहे. सुधारणेचं काम त्यांचं म्हणू या, पण पुनर्वसनाला तुमच्याकडे एक खुर्ची लागते.

तुमची भीती मला समजत नाही, असं समजू नका. मी मालक असतो आणि तत्काळची स्क्रिप्ट लिहिलेला माणूस समोर बसला असता, तर पहिल्या दिवशी मीही त्याच्या हातात किल्ल्या दिल्या नसत्या. पण तुम्ही पहिल्या दिवशी देता तरी कुणाला? कोड दुसऱ्याने तपासायचा, प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेल्या सिस्टिमला मोजक्यांनाच हात लावू द्यायचा, कोण कधी आत शिरलं याचे लॉग ठेवायचे, ही सगळी यंत्रणा माणसाच्या चारित्र्यावर विसंबायला नको म्हणूनच तर उभी केली आहे. ती हिरव्या रिपोर्टवाल्यांवर जशी चालते तशी माझ्यावरही चालेल. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांनी स्वतःच पत्र लिहून हजारो कोटींच्या खोट्या हिशेबाची कबुली दिली. त्याच्या आदल्या दिवशी त्यांची पडताळणी केली असती, तर रिपोर्ट कोणत्या रंगाचा आला असता?

मला राखीव जागा नको. दया तर नकोच, ती मामाकडून भरपूर मिळाली आहे. गुन्ह्याचा प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावरून काढून मुलाखतींनंतर विचारा, पण माणसाने नोटीस देण्याआधी विचारा. विचाराल तेव्हा साल, कलम आणि निकाल असं वेगवेगळं विचारा, आणि १०० अक्षरांची ती पट्टी जरा लांब करा. आडनाव पाहून आलेल्या नोंदीवर भरवसा ठेवण्याआधी वडिलांचं नाव जुळतंय का बघा. रिपोर्ट लाल आला तर त्याची प्रत उमेदवाराला पाठवा. आणि ऑफर मागे घेण्याआधी फोन करा, शुक्रवारी पावणेसातनंतर केलात तरी चालेल. फोनवर काय बोलायचं हे सुचत नसेल, तर देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगाशी संबंध आलेल्या लोकांसोबत काम करतोय, त्यांना अर्धा दिवस बोलवा. फोन करूनही ‘नाही’ म्हणालात तर ऐकून घेईन. निदान कुणीतरी विचारलं होतं, हे तरी मला माहीत असेल.

सोमवारी पुन्हा एक मुलाखत आहे, मालाडला. त्यांचा अर्ज काल रात्री भरला. प्रश्न तोच, पट्टी तीच, १०० अक्षरं. या वेळी एकदाच लिहिलं: ‘रेल्वे कायदा कलम १४३. २०१८, कबुली, दंड भरला. ठरवण्याआधी फोन करा.’ पुढे मोबाइल नंबर टाकला. दहा आकड्यांसकट शंभरात बसलं, मोजून पाहिलं.

आपला,
एक प्रोग्रामर
लालबाग, मुंबई